फरशी फोडायच्या आधी

गेल्या श्रावणात आमच्या बेडरूमच्या भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, हाताच्या पंजाएवढा ओला डाग दिसला. पलीकडे बाथरूम. आठ दिवसांत पोपडे सुटायला लागले आणि भिंतीला लागून असलेल्या कपाटातल्या साड्यांना कुबट वास यायला लागला. प्लंबरला बोलावलं, त्याने भिंतीवर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला ताई आतली लाइन लीक आहे, टाइल्स फोडाव्या लागतील, अठरा-वीस हजार धरून चाला. सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं, सणासुदीच्या दिवसांत घरात फोडाफोडी नको. त्यांच्या त्या एका वाक्यामुळे मला शोधायला वेळ मिळाला, म्हणून हे सगळं लिहितेय.

नाशिकला आठ महिने हवा कोरडी असते, त्यामुळे ओल म्हणजे काय हे आपल्याला जून ते सप्टेंबरच कळतं, आणि मग दिसेल त्या डागाला आपण लीकेज म्हणतो. माझी मावशी चिपळूणला असते, ती फोनवर पहिला प्रश्न काय विचारते, तर अगं आधी बघ, पाणी भिंतीतून येतंय की हवेतून? पावसाची झड आत येते म्हणून आपण बाथरूमची खिडकी लावून घेतो, गरम पाण्याने आंघोळी होतात, ती वाफ गार पाइपवर आणि फ्लश टँकवर बसते आणि पाणी ओघळतं, ते काही लीकेज नसतं. तिने सांगितलं तसं मी डागावर जाड प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवला. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला थेंब असतील तर हवेतली ओल, आतल्या बाजूला असतील तर भिंतीतली. माझ्याकडे आतली बाजू घामेजलेली निघाली. म्हणजे पाणी भिंतीतूनच येत होतं.

आता कुठून? बाथरूममध्ये पाण्याचे दोन रस्ते असतात, एक नळाला येणारं पाणी, ते प्रेशरखाली चोवीस तास पाइपात असतं, आणि दुसरं सांडपाणी, ते आपण वापरलं तरच वाहतं. स्वतंत्र घर असेल आणि मीटर असेल तर सोपं आहे, सगळे नळ बंद करून मीटरचा काटा फिरतोय का बघायचं. आमच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅटला वेगळं मीटर नाही, गच्चीवरच्या टाकीतून पाणी येतं. मग मी डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारली, तारीख लिहिली, बाथरूमचा मेन कॉक बंद केला आणि चार दिवस किचनमधून बादलीने पाणी नेऊन तिथेच आंघोळी केल्या. डाग रेघेच्या बाहेर सरकलाच. म्हणजे नळाची लाइन ठीक होती! मग पुढचे चार दिवस ते बाथरूम पूर्ण बंद, सगळे दुसऱ्या बाथरूमला. डाग थांबला, म्हणजे वापरलेलं पाणीच मुरत होतं. त्याच आठवड्यात गोदावरीला पूर होता, अख्खं गाव नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत लागलं ते विचारत होतं आणि मी घरात पेन्सिलची रेघ बघत बसलेले.

मग नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीवरचं पाणी जायचं तोंड, बंद करून बघितला. प्लास्टिकच्या पिशवीत कापडाचा बोळा भरून तोंडात घट्ट बसवला, वर पाण्याने भरलेला डबा ठेवला, फरशीवर इंचभर पाणी साठवलं आणि टाइलवर खूण केली. पाणी तसंच राहिलं तर ट्रॅपमध्ये किंवा खालच्या पाइपात गडबड, आणि उतरलं तर फरशीत. सकाळी पाणी बोटाचं अर्धं पेर उतरलेलं होतं. मग गुडघ्यावर बसून टॉर्च लावून एकेक जॉइंट बघितला. नळाखाली जिथे रोज बादली असते त्या कोपऱ्यात, भिंत आणि फरशी मिळते तिथलं व्हाइट सिमेंट पार धुऊन गेलं होतं, आगपेटीची काडी अर्धी आत गेली. रोजच्या चार आंघोळींचं पाणी त्या फटीतून भिंतीत मुरत होतं.

रिपेअर एवढंच केलं की जुना जॉइंट खरवडून काढला, तीन दिवस टेबल फॅन लावून तो कोपरा वाळवला (पावसाळ्यात हे तीन दिवस वाचवायला जाऊ नका, ओल्या फटीत काहीही भरलं तरी धरत नाही), मग इपॉक्सी ग्राउट (टाइल्सच्या फटीत भरायचं मिश्रण) भरलं आणि पूर्ण चोवीस तास पाणी लागू दिलं नाही. व्हाइट सिमेंट आकसतं आणि त्याला बारीक तडे जातात, म्हणून पुन्हा तेच भरलं नाही. पुन्हा नहाणी बंद करून पाणी साठवलं, सकाळी खुणेला खूण. तोच प्लंबर हात लावून बघून गेला आणि बरोबर आहे म्हणाला. त्याच्यावर माझा राग नाही, पण फरशी फोडायला सांगायच्या आधी कॉक बंद करून बघायला काय लागतं, हे मला आजही कळत नाही.

ओल्या भिंतीत स्विचबोर्ड किंवा गिझरचा पॉइंट असेल तर मात्र आधी त्याचा एमसीबी, म्हणजे मेन बोर्डावरचा त्या लाइनचा स्विच, खाली करा, बाकी सगळं नंतर. आणि घरात 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी (वीज कुठे गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच) नसेल तर या पावसाळ्यात इलेक्ट्रिशियनकडून बसवूनच घ्या, हे मी अगदी हात जोडून सांगते.

हे सगळं झाल्यापासून बिल्डिंगमधल्या बायका मलाच विचारतात. फ्लश टँक गळतोय का हे कळत नाही, तर टँकमध्ये चमचाभर हळद कालवायची, वीस मिनिटं फ्लश करायचा नाही, भांड्यात पिवळं उतरलं तर आतला रबरी वॉशर गेलाय. टेफ्लॉन टेप लावूनही नळ गळतो, कारण टेप उलटी गुंडाळलेली असते, आटे आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळली तरच नळ फिरवताना ती घट्ट बसते. गिझरला यूपीव्हीसीची पांढरी लाइन कधीच जोडू द्यायची नाही, तिला गरम पाणी सोसत नाही, गरम पाण्याला सीपीव्हीसी लागतो आणि त्याचं सोल्युशनही, म्हणजे जोड चिकटवायचा गोंद, वेगळं. दमट हवेत ते सोल्युशन वाळायला जास्त वेळ घेतं, पाइप फडक्याने कोरडा करून मग लावायचं आणि जमलं तर रात्रभर पाणी सोडायचं नाही. चोकअपला ॲसिड ओतू नका, त्यातून आधी ब्लीच टाकलेलं असेल तर क्लोरीन गॅस तयार होतो, बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतं.

अजून एक, आणि हे कोणी विचारत नाही. मृग लागायच्या आत गच्चीवर जाऊन पावसाच्या पाइपची तोंडं बघा. आमच्या डक्टमध्ये (सगळे पाइप जातात त्या बोळात) पाइपाच्या जॉइंटला पिंपळाचं रोप होतं, वर चारच पानं, पण मूळ जॉइंटच्या आत हातभर गेलेलं. ते नुसतं उपटून चालत नाही, तुटलेलं मूळ पुन्हा फुटतं. आम्ही तेवढा जॉइंट कापून नवीन बसवला, तेव्हा कुठे तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या किचनची ओल थांबली.

आमची भिंत मात्र लगेच वाळली नाही. कपाट पुढे ओढून ठेवलं, पोपडे खरवडले, वर आलेला पांढरा खार कोरड्या ब्रशने दर आठवड्याला झाडला. ह्यांना दिवाळीला रंग द्यायचा होता, मी तेवढी भिंत रंगवू दिली नाही, पाहुण्यांनी विचारलं तर सांगितलं वाळतेय. संक्रांतीच्या आधी पुन्हा प्लास्टिक चिकटवून बघितलं, आतली बाजू कोरडी ठणठणीत होती, मग रंग दिला. पेन्सिलची रेघ त्याखाली गेली.