रांगेचा वेग शेपटाकडून मोजायचा

रविवार, रात्री

गटाने डोंगर चढायला जाताना सगळ्यांची नजर वाटाड्यावर असते. खरं तर चालीचं काय होणार हे ठरतं रांगेच्या मागच्या टोकाला. आज तेवढंच नीट मांडून ठेवतो.

आधी वेळेचा हिशोब. चालीच्या सूचनेत लिहिलेलं असतं : १२ किलोमीटर, चढ ६०० मीटर, काठिण्य मध्यम. 'मध्यम' कोणाच्या मानाने, ते कोणीच सांगत नाही, म्हणून तो शब्द सोडून आकडे धरावेत. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला. मूळ मैल आणि फुटांतला, पण मीटरमध्ये आणला तर साधारण असा : दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. म्हणजे या वाटेला ३ तास २४ मिनिटं. हे झाले न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचे. गटासाठी मी सरळ दीडपट करतो, पाच तासांच्या थोडं वर. सूर्यास्तापासून उलटं मोजून परतीची वेळ ठरवायची ती या आकड्यावरून. ती वेळ झाली की माथा हाकेच्या अंतरावर असला तरी मागे वळायचं, आणि हे निघण्यापूर्वीच सगळ्यांना सांगून ठेवायचं. वर पोचल्यावर कोणी ऐकत नाही.

ही दीडपट नुसत्या दमछाकीची नसते. वीस जणांची रांग एका कातळटप्प्याशी आली आणि प्रत्येकाला तो चढायला अर्धं मिनिट लागलं, तर शेवटचा माणूस वर येईपर्यंत दहा मिनिटं जातात. पहिला तोवर ताशी ४ किलोमीटरने चालत राहिला, तर तो सहाशे मीटरहून जास्त पुढे गेलेला असतो. मागचे मग ते अंतर तोडायला धावपळ करतात, घामाघूम होऊन विश्रांतीच्या जागी पोचतात आणि नेमके तेव्हाच पुढचे सॅक पाठीला लावून उभे राहतात. सगळ्यात थकलेल्या माणसाला सगळ्यात कमी विश्रांती! पुढच्या टप्प्यात तो आणखी मागे पडतो. रांग अशी पेटीच्या भात्यासारखी ताणली-आकसली जाते आणि तासाभरात एखाद्याचे पाय लटपटायला लागतात.

उपाय साधे आहेत. अडचणीची जागा पार केल्यावर पुढच्याने थांबायचं, तेही तोंडाशी नाही. शेवटच्या माणसालाही उभं राहता येईल इतकी जागा सोडून. विश्रांतीची मिनिटं शेवटचा पोचल्यापासून मोजायची. सगळ्यात सावकाश चालणाऱ्याला वाटाड्याच्या लगेच मागे घ्यायचं. मागे राहिलं की माणूस सतत गाठायच्या धडपडीत असतो; पुढे आला की त्याच्या पायाला ताल सापडतो. आणि शेपटाला एक जाणता गडी हवाच. त्याच्या मागे कोणी राहायचं नाही, लघवीला थांबलेला माणूससुद्धा नाही. आडोशाला जाताना सॅक वाटेच्या कडेला दिसेल अशी ठेवून गेलं की मागच्याला कळतं. वाट फुटते त्या ठिकाणी प्रत्येकाने एकदा मागे बघायचं. मागचा दिसत नसेल तर दिसेपर्यंत तिथून हलायचं नाही. ढोरवाटा मुख्य वाटेइतक्याच मळलेल्या असतात, आणि चुकामूक होते ती बहुधा अशाच फाट्यावर.

सामील होणाऱ्याचंही एक काम असतं, ते म्हणजे वेळेवर बोलणं. टाचेला चुरचुरायला लागलं की त्याच क्षणी थांबून तिथे चिकटपट्टी लावली तर तीन मिनिटं जातात. 'बघू पुढच्या थांब्यावर' म्हटलं की फोड येतो, आणि मग उरलेली सगळी चाल त्या माणसाच्या वेगाने होते. भिडस्तपणा इथे सगळ्यांना महागात पडतो. निघताना किंचित थंडी वाजेल इतकेच कपडे अंगावर ठेवावेत. पहिल्या वीस मिनिटांत अंग तापतं, आणि घामाने भिजलेला सुती कपडा माथ्यावरच्या वाऱ्यात वाळत नाही, तो अंगातली ऊब खेचून घेतो. उंचीच्या दर १००० मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते. वारा धरला तर शरीराला जाणवणारा गारठा त्याहून बराच जास्त. चढताना वेग असा हवा की बाजूच्याशी पूर्ण वाक्य बोलता यावं. धापा टाकत चढून मग थांबणाऱ्यापेक्षा हा गडी आधी पोचतो.

उतरणीबद्दल मात्र लोक फार बेफिकीर असतात. चढ संपला की सुटलो, असं वाटतं. पण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात, म्हणून दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठतं. माथ्यावरच बुटाची नाडी घोट्याशी पुन्हा आवळून बांधायची, टाच मागे घट्ट बसली पाहिजे. नाहीतर पाऊल पुढे सरकतं आणि अंगठ्याचं नख बुटाच्या टोकावर आपटून काळं पडतं. काठी चढापेक्षा ५ ते १० सेंटिमीटर लांब करायची. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावर, टाचेने पाऊल रोवत, गुडघा जरा वाकवून, छोटी पावलं. मागे रेललं की पाय सटकलाच. तिथे सगळ्यांनी एकाखाली एक उतरू नये : थोड्या जणांची तुकडी तिरकी उतरवून बाजूला घ्यायची, मग दुसरी. दगड सुटला की 'दगड!' म्हणून ओरडायचं, लहान असला तरी. आवाज आला म्हणून वर बघायचं नाही. मान खाली आणि डोक्यावर सॅक. नागमोडी वाटेची वळणं तोडून सरळ खाली धावणारे पुढच्या पावसाच्या पाण्याला नाली खणून देतात, आणि दोन-तीन मोसमांत ती वाट वाहून जाते.

खाली उतरल्यावर पहिलं काम मोजणी. वाटाड्याने पुढून, शेपटाच्या गड्याने मागून. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय कोणी गाडीकडे जायचं नाही. मधूनच दुसऱ्या वाटेने घरी निघून जाणाऱ्याने तोंडाने सांगून जावं. निरोप पुढच्याकडे देऊन नाही, थेट वाटाड्याला.