खांदा दुखतोय, पण मजा आली!

आज फिनिक्सबाहेरच्या वाळवंटात एका रेंजवर दुसऱ्या महायुद्धातल्या दोन सबमशीनगन चालवल्या : थॉम्पसन आणि स्टेन. या म्हणजे गोळ्यांचा नुसता सडा घालणारी यंत्रं, 25 मीटरपलीकडे काही खरं नाही, असं माझं पक्कं मत होतं.

आधी थॉम्पसन. रेंजचा मालक म्हणाला, "सिंगल शॉटवर ठेव आणि ती प्लेट बघ." ती प्लेट, म्हणजे धातूचं टार्गेट, 100 यार्डांवर! एनसीसीत मी 25 यार्डांवर पॉइंट टू-टू रायफलने टार्गेट चुकवलेला माणूस. घोडा दाबला की आतला जड बोल्ट धाडकन पुढे येतो, मग गोळी सुटते, त्यामुळे नेम हलतोच. पहिल्या दोन गोळ्या मातीत. तिसऱ्या वेळी श्वास धरून हळूच दाबला. थॉम्पसनची .45 कॅलिबरची गोळी इतकी सावकाश जाते की मध्ये चक्क वाट बघावी लागते... आणि मग ठण्ण! पुढच्या सातांपैकी पाच लागल्या. जवळपास पाच किलोचं धूड असल्यामुळे धक्का फारसा जाणवतच नाही. (खांदा दुखतोय तो उचलून उचलून.)

स्टेन दिसायला नळाच्या पाइपासारखी, पण नेम धरायची तिची साइटच मुळी 100 यार्डांसाठी पक्की बसवलेली. मॅगझिनला (गोळ्या भरलेल्या पेटीला) धरलं म्हणून ओरडा खाल्ला, कारण तसं धरलं की ती अडकते.

बर्स्टवर, म्हणजे सलग गोळ्या झाडताना, मात्र दुसरी-तिसरी गोळी थेट आभाळात. बाबांना फोटो पाठवलेत. उत्तर आलं : "जेवलास का?"