सरळ का नाही सांगितलं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. जोनाथन स्विफ्टचं ते पत्रक वर्गात वाचून संपलं की दरवर्षी कुणाचा तरी हात वर होतोच. "मॅडम, जमीनदार गरिबांना लुटतात, एवढंच म्हणायचं होतं ना? मग सरळ का नाही म्हटलं? लहान मुलं खायच्या गोष्टी कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण तेव्हा तास संपत आलेला असतो आणि माझं उत्तर अर्धवट राहतं.

ज्यांनी ते वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्विफ्ट हा डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचा डीन, म्हणजे तिथला प्रमुख धर्माधिकारी. १७२९ साली त्याने नाव न घालता एक पत्रक काढलं, 'अ मॉडेस्ट प्रपोजल', एक नम्र सूचना. आयर्लंडमधल्या गरिबांची मुलं आईबापांना आणि देशाला भार होतात, तर ती वर्षाची झाली की श्रीमंतांच्या जेवणासाठी विकावीत, अशी ती सूचना. ती करणारा पत्रकातला माणूस मात्र अगदी सभ्य, हिशेबी, देशाची काळजी वाहणारा. स्विफ्टने त्या माणसाचा आवाज घेतला आहे.

आता तुमचा प्रश्न. सरळ सांगून झालं होतं. १७२० मध्ये त्याने लिहिलं की आयरिश लोकांनी आपल्याच देशात तयार झालेला माल वापरावा. त्यावरून छापखानेवाल्यावर खटला भरला गेला. ज्युरीने त्याला निर्दोष ठरवलं, तर न्यायाधीशांनी ज्युरीला फेरविचारासाठी पुन्हा पुन्हा आत पाठवलं. १७२८ मध्ये त्याने आयर्लंडची दुरवस्था साध्या शब्दांत मांडली. भाडी वाढवणारे जमीनदार, इंग्लंडमध्ये बसून इथलं उत्पन्न खर्च करणारे मालक, बंद पडलेला व्यापार, सगळं. पण नळी फुंकिली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.

मधे एकदा मात्र सरळ बोलणं कामी आलं होतं, आणि ते का आलं हे मला फार महत्त्वाचं वाटतं. विल्यम वुड नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याला आयर्लंडसाठी तांब्याची नाणी पाडायचा परवाना मिळाला होता. १७२४ मध्ये स्विफ्टने एका कापडविक्याच्या नावाने त्याविरुद्ध पत्रं लिहिली. लेखकाचं नाव सांगणाऱ्याला ३०० पौंडांचं इनाम जाहीर झालं. अख्ख्या डब्लिनला नाव ठाऊक होतं, पण कुणी सांगितलं नाही, आणि पुढच्या वर्षी परवाना मागे घ्यावा लागला. असं झालं, कारण ते हलक्या किमतीचं नाणं सगळ्यांच्याच खिशात जाणार होतं. व्यापारी, पाद्री, जमीनदार, सगळ्यांना त्याची झळ बसणार होती. भुकेची झळ फक्त भुकेल्याला बसते. ज्यांच्या हातात काही करण्याची ताकद होती त्यांचा खिसा गरिबीने हलका होत नव्हता. उलट भाड्याने तो भरत होता. अशा माणसाला 'तू अन्याय करतोस' म्हटलं की तो कान बंद करतो. त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलायला लागतं, आणि त्याची भाषा होती हिशेबाची.

ही भाषा तेव्हा नवी आणि वजनदार होती. विल्यम पेटीसारख्या माणसांनी राज्यकारभार आकड्यांत मांडायला सुरुवात केली होती. माणसांची किंमतसुद्धा पौंडांत काढली जात होती. स्विफ्टने तीच हत्यारं उचलली. म्हणून हे पत्रक वाचताना मी मुलांना वही उघडायला लावते. फळ्यावर काही लिहीत नाही. मी वाचते, त्यांनी हिशेब ठेवायचा.

देशाची लोकसंख्या १५ लाख. त्यात मुलं होऊ शकतील अशी जोडपी २,००,०००. आपली मुलं स्वतः पोसू शकणारी ३०,०००, ती वजा. (इथे तो हळूच म्हणतो की सध्याच्या हलाखीत एवढी तरी असतील का, शंकाच आहे.) उरली १,७०,०००. ज्यांचा गर्भ पडतो किंवा ज्यांचं मूल वर्षाच्या आत अपघाताने, आजाराने जातं, अशी ५०,००० वजा. उरली १,२०,०००. म्हणजे दरसाल गरिबाघरी १,२०,००० मुलं जन्मतात. त्यांचं करायचं काय?

पेनं भराभर चालतात. सगळ्यांचं उत्तर बरोबर येतं. मग सूचना येते: २०,००० पैदाशीसाठी राखावीत, उरलेली १,००,००० विकावीत. वर्ग हादरतो, कुणी हसतं, कुणी 'शी!' म्हणतं. मी वाचन थांबवते आणि मागे जायला सांगते. वहीतली ती ओळ पाहा, ५०,००० वजा. यातली काही जन्मलीच नाहीत, काही वर्षाच्या आत मेली. तुम्ही सगळ्यांनी ती वजा केलीत आणि पुढच्या ओळीवर गेलात. खायचा विषय निघायच्याही आधी.

माझ्या मते पत्रकाची सगळी ताकद या एका वजाबाकीत आहे. मुलं खाण्याचा भाग भयंकर आहेच, पण तो कुणीही नाकारील. वजाबाकी कुणी नाकारत नाही. मीही पहिल्यांदा वाचताना नाकारली नव्हती. सरळ निबंधात स्विफ्टने लिहिलं असतं, 'गरिबांना तुम्ही आकडे समजता', तर वाचणारा म्हणाला असता, छे, मी कुठे! इथे वाचणाऱ्याकडून ते करूनच घेतलं आहे. आता नाही म्हणायला जागा नाही.

बाकीची तंत्रं याच्याच आधाराला आहेत. पत्रकातला तो माणूस नम्र आहे. लोकांचे आक्षेप आधीच मोजून ठेवतो. ओळखीच्या एका जाणकार अमेरिकन माणसाचा हवाला देतो. सहा फायदे क्रमाने सांगतो. भिकाऱ्याचं मूल वर्षभर पोसायला, चिंध्या धरून, साधारण दोन शिलिंग लागतात. कोणताही सद्गृहस्थ दहा शिलिंग आनंदाने देईल. आईला आठ शिलिंग निव्वळ नफा. आणि शब्दांकडे लक्ष द्या. बाईला तो 'पैदास करणारी' म्हणतो. मूल आईच्या पोटातून यावं तसं येत नाही, गाय व्याल्यासारखं पडतं. गोठ्यातली भाषा इतकी सहज येते की खाटकाचा सुरा आला तेव्हा दचकायला उशीर झालेला असतो.

एका जागी मात्र मुखवटा सरकतो. हे अन्न जरा महाग पडेल, म्हणून ते जमीनदारांनाच शोभेल, असं तो म्हणतो. त्यांनी आईबाप तर बहुतेक खाऊन टाकलेच आहेत, तेव्हा मुलांवरही पहिला हक्क त्यांचाच. आपण मराठीत 'मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा' म्हणतो. म्हणताना मढं डोळ्यांसमोर येत नाही, इतका तो वाक्प्रचार गुळगुळीत झाला आहे. स्विफ्टने असाच एक गुळगुळीत झालेला शब्द, 'खाणं', घेतला आणि त्याचा खरा अर्थ ताटात ठेवला.

आणि सरळ उत्तर हवंच असेल तर तेही तिथेच आहे. शेवटाकडे तो म्हणतो, दुसरे उपाय मला कुणी सांगू नका. मग ते नको असलेले उपाय एकेक करून मोजतो: परदेशी राहणाऱ्या मालकांच्या उत्पन्नावर पौंडामागे पाच शिलिंग, म्हणजे चौथा हिस्सा, कर, देशी मालच वापरणं, आपसातली भांडणं सोडणं, जमीनदारांना कुळांबद्दल निदान थोडी दया शिकवणं. ही यादी तिरप्या टायपात छापली होती. यातले देशी मालासारखे उपाय स्विफ्ट स्वतः वर्षानुवर्षं सांगत आला होता.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. याच स्विफ्टने १७३७ मध्ये भिकाऱ्यांना बिल्ले द्यावेत आणि बाहेरून आलेल्या भिकाऱ्यांना शहरात थारा देऊ नये असं लिहिलं, आणि ते खरोखरच्या गंभीरपणे. भिकाऱ्यांबद्दलची त्यातली भाषा वाचवत नाही. दुसरीकडे गरजू कारागिरांना तो बिनव्याजी छोटी कर्जं द्यायचा, आणि मरताना आपली मालमत्ता मनोरुग्णांच्या रुग्णालयासाठी ठेवून गेला. दोन्ही खरं आहे. १७२९ चं पत्रक त्याच्यातल्या कठोर माणसापेक्षा मोठं निघालं, एवढंच मी म्हणेन, आणि म्हणूनच ते शिकवते.

मला सर्वात जास्त बोचणारी जागा त्या यादीच्याही नंतर येते. पत्रकभर गरिबांचं वजन केलं जातं, मोजणी होते, किंमत ठरते. त्यांना कुणी काही विचारत नाही. अगदी शेवटी तो पुढाऱ्यांना म्हणतो, माझी सूचना पटत नसेल तर आधी या मुलांच्या आईबापांना जाऊन विचारा. वर्षाचे असतानाच आपण विकले गेलो असतो तर बरं झालं असतं, असं त्यांना आज वाटत नाही का? जमीनदारांचा जाच, भाड्याला पैसा नाही, पोटाला अन्न नाही, डोक्यावर छप्पर नाही, अंगावर धड कपडा नाही, आणि मुलांच्याही वाट्याला हेच येणार याची खात्री.

हे वाक्य मी दरवर्षी मोठ्याने वाचते. इथे कुणी हसत नाही. हात वर होतो तो यानंतर, थोड्या वेळाने.