पोरगी उदास, मग आईला कशाला बोलावता?

हा प्रश्न मला बालगृहातल्या मावशींपासून मुलींच्या मामांपर्यंत सगळे विचारतात. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पोरगी जेवत नाही, रात्र रात्र जागी असते, "जगायचंच नाही" म्हणते. तिच्याशी बोला, डॉक्टरांकडून गोळ्या आणा. आईचं काय काम? तिच्याच घरातून तर पोरगी इथे आली!

गोम तिथेच आहे.

मी जिच्या आधाराने काम करते त्या पद्धतीचं नाव अटॅचमेंट बेस्ड फॅमिली थेरपी, म्हणजे मूल आणि आईबाप यांच्यातला तुटलेला विश्वासाचा धागा पुन्हा जोडणारी कौटुंबिक उपचारपद्धती. गाय डायमंड आणि सहकाऱ्यांनी ती फिलाडेल्फियात उभी केली, नैराश्य आणि आत्महत्येचे विचार असलेल्या किशोरवयीन मुलांसाठी. बेल्जियममध्ये फ्लँडर्स भागात ती बालकल्याणाच्या घरोघरी जाणाऱ्या सेवांमध्येही नेली गेली. ते वाचलं तेव्हा मला आमच्या गृहभेटी आठवल्या.

पहिल्या बैठकीत मायलेकी दोघी असतात. आई शाळा, मोबाइल, उलट उत्तरं असा पाढा वाचत असते. तो थांबवून मुलीला विचारायचं, "इतकं वाईट वाटतं तेव्हा तू आईकडे का जात नाहीस?" एका मुलीने (तपशील बदललेत) ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत सांगितलं, "गेले होते की. म्हणाली, तोंड बंद ठेव, बाबा ऐकतील." आईने पर्सची चेन लावली, उघडली, परत लावली.

त्यानंतर मुलीला वेगळं भेटायचं, आईला वेगळं, आणि तयारी झाली की मगच दोघींना समोरासमोर बसवायचं. यात सगळ्यात अवघड म्हणजे आईच्या बैठका. आपल्याकडे आईबापांना बोलावणं येतं ते सहीसाठी, नाहीतर झाडायला. मुलीला कुठे ठेवायचं ते ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीपुढची 'तारीख' आईच्या लेखी कोर्टच. तिचं चुकतही नाही, 2015च्या बाल न्याय कायद्याने समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार दिलेत. त्यामुळे ती येते तीच आपली बाजू मांडायला. मी ती ऐकून घेते. मग विचारते, "तुम्ही हिच्याएवढ्या होतात तेव्हा रडू आलं की कोणाकडे जायचात?" एक बाई बराच वेळ पंख्याकडे बघत राहिल्या. "कोणाकडे जाणार? माझं लग्न ठरलं होतं." पुढच्या आठवड्यात त्यांनी लेकीची तक्रार केली नाही, ती झोपते का, एवढंच विचारलं.

समोरासमोरच्या बैठकीत आईने फक्त ऐकायचं असतं. "अगं, पण मी तरी काय करणार होते?" हे वाक्य त्या दिवशी चपलांबरोबर बाहेर. एकदा तारीख तोंडावर आली, मुलीला घरी सोडायचं की नाही ते लवकर सांगा म्हणून तगादा लागला, आणि मी आईबरोबर एकच बैठक करून दोघींना बसवलं. दहाव्या मिनिटाला ते वाक्य आलंच. मुलगी उठून गेली आणि नंतर तीन आठवडे माझ्याशीही बोलली नाही. ती चूक सर्वस्वी माझी.

पुराव्याचं विचाराल तर आहे, पण छाती पुढे काढण्याइतका नाही. 2002च्या छोट्या चाचणीत थेरपी मिळालेल्या 81 टक्के मुलांचं नैराश्य निदानाच्या निकषांत बसेनासं झालं, उपचाराची वाट बघणाऱ्या गटात 47 टक्के मुलांचं. 2010मध्ये 66 मुलांच्या चाचणीत आत्महत्येचे विचार इतर उपचारांपेक्षा वेगाने ओसरले. पण 2019मध्ये 129 मुलांच्या चाचणीत आधार देणाऱ्या वैयक्तिक समुपदेशनापुढे ती सरस ठरली नाही. दोन्ही गटांना सारखाच फरक पडला. "हाच एक मार्ग" असं कोणी प्रशिक्षणात सांगू लागलं की मी चहाला उठते.

मग मी आईला का बोलावते? मुलगी अठराची झाली की माझी फाइल बंद होते, आई राहते. आई नसेल तर आजी, मावशी, जी कोणी असेल ती. घरात मारहाण किंवा अत्याचार चालू असेल तिथे मात्र समोरासमोर बसवायचं नाही, आधी मुलीची सुरक्षितता. आणि गोळ्या चालू असतील तर त्या चालूच.

ती पर्सवाली आई गेल्या मंगळवारी आली. दारातूनच म्हणाली, "मॅडम, आज सही कुठे करायचीय?" म्हटलं, आज सही नाही. ती थोडा वेळ उभी राहिली, मग खुर्ची ओढून बसली.