रोज एक तोळा

मार्च लागला की नागपुरात एक काम ठरलेलं: कूलर पुसून काढायचा आणि त्याची खस बदलायची. यंदा मागच्या गच्चीवरच्या कूलरची जाळी उघडली, तर आत अख्खा संसार! मागच्या वर्षीची वाळकी खस ओरबाडून मांजरीनं गादी केलेली आणि तीत तीन पिल्लं.

जाळी तशीच टेकवून आम्ही खाली आलो. रात्री मांजरीनं एक नेलं, पहाटे दुसरं. तिसऱ्यासाठी ती परत येईल म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. आली नाही. तोवर पिल्लाचा आवाज बसला होता आणि अंग गार पडलं होतं.

मी इतवारीत सराफ ओळीत बसतो, दागिन्यांच्या डागडुजीचं काम करतो. हातात काही आलं की ते काट्यावर ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. चांदीच्या मोठ्या काट्यावर पिल्लू ठेवलं. २८० ग्रॅम, म्हणजे चोवीस तोळे. शेजारचे शेठ म्हणाले, "एवढं सोनं असतं तं भाऊ, तुम्ही आज दुकान उघडलं नसतं." नाव तिथंच पडलं: गुंजी. पूर्वी आमच्या धंद्यात गुंजांनीच तोलायचे. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. (आजोबांची गुंजांची डबी मात्र मी त्याच दिवशी कपाटात बंद केली. दिसायला गोड, पण ते बी विषारी असतं.)

आता चूक सांगतो. आईनं गाईचं दूध कोमट केलं, थोडं पाणी घातलं आणि कापसाच्या बोळ्यानं पाजलं. पाजताना पिल्लाला तान्ह्या लेकरासारखं उताणं धरलेलं. दोन दिवसांत हगवण लागली, शेपटी चिकट झाली आणि काट्यानं २६४ दाखवले. सोन्यात घट आली तर ती कुठं गेली ते मी शोधून काढतो. इथं चोवीस तोळ्यांतला जवळजवळ दीड तोळा डोळ्यांदेखत गेला होता.

बुटाच्या खोक्यात उबदार फडकं घालून तिला सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर मॅडमनी डोळे पाहिले, दात चाचपले आणि वय सांगितलं, साधारण तीन आठवडे. मग विचारलं, काय पाजता? आई सोबतच होती. मॅडमनी गाईचं दूध बंद म्हटल्याबरोबर आई म्हणाली, "मांजराले दूध नाही त का चहा पाजू?"

मॅडम हसल्या, पण समजावून सांगितलं. गाईच्या दुधातली साखर, लॅक्टोज, पिल्लांना नीट पचत नाही आणि त्यांना लागतात तेवढी प्रथिनं आणि चरबीही त्या दुधात नसते. मांजराच्या पिल्लांसाठीच वेगळी दूध पावडर मिळते, तीच द्यायची. पिल्लाला पोटावर ठेवून, मान सरळ, बिनसुईच्या सिरिंजनं थेंब थेंब पाजायचं. उताणं पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. अंग गार असेल तर आधी ऊब द्यायची, मग दूध, कारण गार पडलेल्या पिल्लाला दूध पचतच नाही. दर चार तासांनी, रात्रीसुद्धा. आणि पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं मागची बाजू हलकेच पुसायची. इतकी लहान पिल्लं आईनं चाटल्याशिवाय शी-शू करत नाहीत. हे ऐकून बायको म्हणाली, "हे काम तुमचं."

मी विचारलं, रोज किती वाढायला पाहिजे?

"दहा ते पंधरा ग्रॅम."

तोळा! ११.६६ ग्रॅम. त्या दिवसापासून दुकानाच्या वहीच्या मागच्या पानावर गुंजीचा हिशोब सुरू झाला. पहिले दोन दिवस काटा हललाच नाही, तिसऱ्या दिवशी नऊ ग्रॅम, चौथ्या दिवशी चौदा. पहाटे तीनला सिरिंज धरून बसलेल्या माणसाला चौदा ग्रॅमचा किती आनंद होतो, ते गिऱ्हाइकाला कळायचं नाही. पुढं जंताचं औषध वजनाप्रमाणे द्यायचं होतं, तेव्हा मॅडमनी वही मागून घेतली आणि म्हणाल्या, असं कुणी आणत नाही.

पाचव्या आठवड्यात पिल्लांसाठीचं ओलं खाणं त्याच दुधात कालवून ताटलीत दिलं. पहिल्या दिवशी ती ताटलीतच बसली. पण खरी अडचण ताटलीची नव्हती. आई माळकरी आणि मांजर पक्कं मांसाहारी. आईनं लपूनछपून वरणभात, दूधपोळी सगळं करून पाहिलं. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते मिळतं मांस-मासळीतूनच. त्याविना डोळे जातात, हृदय फुगून कमकुवत होतं. या हृदयरोगाचं कारण टॉरिनची कमतरता आहे हे अमेरिकेतल्या डॉक्टरांनासुद्धा १९८७ साली कळलं, मग आमच्या आईला मी काय बोलणार? तडजोड झाली. अंगणात जुना स्टोव्ह, वेगळं पातेलं, त्यात बिनहाडाचं चिकन नुसतं पाण्यात उकडायचं. मीठ नाही, हळद नाही. तेही वरचं खाणं म्हणून, कारण नुसत्या चिकनमध्ये कॅल्शियम पुरत नाही. मुख्य जेवण पाकिटातलंच, पिल्लांसाठीचं, वर्षाची होईपर्यंत. पोट एवढंसं, म्हणून दिवसातून चार वेळा.

शेजारच्या काकूंनी एकदा प्रेमानं सावजी रश्श्यातले दोन तुकडे धुऊन पाठवले. धुऊन काय होणार? कांदा-लसूण आतपर्यंत मुरलेला असतो आणि त्यानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ते तुकडे मी खाल्ले.

बाकी थोडक्यात. तसराळ्यात रेती ठेवली, ती गुंजी आपसूक शिकली. तसराळं जेवणापासून लांब हवं. आईची रोजची फिनाइलची पुसणी बंद झाली, कारण मांजर पाय चाटतं आणि फिनाइल त्याच्या यकृताला झेपत नाही. तापाची आपली पॅरासिटामॉल तर अर्धी गोळीही देऊ नका, जीव जातो. आठव्या आठवड्यात पहिली लस, तीन-चार आठवड्यांनी पुढची, तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजची. दुकानात आणलं की मणी ओवायचा रेशमी दोरा आधी डबीत. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात, दोरा तोंडात गेला की बाहेर थुंकता येत नाही.

मे महिन्यात गुंजी दिवसभर कूलरच्या झोतात पसरून असायची. मांजर मुळातच कमी पाणी पितं, म्हणून घरात तीन ठिकाणी मातीच्या वाट्या ठेवल्या आणि ओलं खाणं वाढवलं. कूलरच्या टाक्याला मी फळी ठोकली. तिचं माहेर असलं तरी आत पडली असती.

आता श्रावण. सगळं घर शाकाहारी, अंगणातला एक स्टोव्ह सोडून. कालचं वजन २ किलो २०० ग्रॅम, म्हणजे जवळपास १८९ तोळे. आठवडाभरापासून एक बोका रात्री पत्र्यावर फेऱ्या मारतो आहे. मांजर चार-पाच महिन्यांतच गाभण राहू शकतं, म्हणून नसबंदीची वेळ घेऊन आलो. टाके सुकायला दहा-बारा दिवस लागतील असं सांगितलं, तर आई पंचांग घेऊन बसली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागातून मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्याची, मिरवणूक निघते, ढोल-ताशांनी भिंती हादरतात. बोटांवर दिवस मोजून म्हणाली, "सोमवारीच ने. मारबतीच्या आत टाके सुकले पायजेत." मग जरा थांबून, "तिले दुखन का रे लय?"