दूध उतू जाते तेव्हा

वडिलांच्या दीर्घ आजारपणात गॅसवर ठेवलेले दूध मी हमखास विसरत असे, पण फोन वाजला की छातीत धस्स होई. ते बरे झाल्यावर विसरभोळेपणा ओसरला, धस्स होणे मात्र राहिले.

या विसंगतीचा धागा मला बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमधील सुमंत्र चटर्जी आणि सहकाऱ्यांच्या संशोधनात सापडला. रोज २ तास, असे १० दिवस जखडून ठेवलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मृती घडवणाऱ्या भागात, चेतापेशींच्या शाखा आखडल्याचे आणि भीतीशी निगडित अमिग्डालात त्या उलट फोफावल्याचे त्यांनी २००२ मध्ये दाखवले. पुढे २१ दिवस ताणमुक्त ठेवल्यावर हिप्पोकॅम्पस सावरला, अमिग्डाला नाही.

एरवी रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढले की ‘आता पुरे’ असा निरोप देऊन पुढचा स्राव आवरण्यात हिप्पोकॅम्पसचाच मोठा वाटा असतो, त्यामुळे तोच दुबळा झाला की लगामही सैल पडतो. उंदरांवरून माणसाचे निदान करू नये, हे मला मान्य आहे. तरीही रात्री फोन वाजला की मी आधी घड्याळ पाहते, नाव नंतर.