चातुर्मासात तुम्ही करता तरी काय?

नाशकात लग्नांचं नियोजन करते म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत मुहूर्त नाहीत, मग एवढे महिने पगार कसले देता, असा त्यातला न बोललेला भाग. काढीव, म्हणजे गरजेपोटी काढून घेतलेल्या मुहूर्तावरची एखाद-दोन लग्नं या काळातही असतात. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आमचं मुख्य काम असतं गेल्या सीझनची चिरफाड.

ती आठवणींवर करता येत नाही. कार्य पार पडलं की आमच्यासकट सगळ्यांना ते वेळेवर झालं असंच आठवतं. म्हणून मी फोटोग्राफरकडून न निवडलेले सगळे फोटो मागून घेते. फोटो बरे आलेत की वाईट, याच्याशी मला घेणंदेणं नसतं. प्रत्येक फाइलीत फोटो काढल्याची वेळ नोंदलेली असते, ती मला हवी असते. दोन कॅमेऱ्यांची घड्याळं पुढेमागे असतात, तेव्हा अंतरपाट दूर होतानाचा क्षण दोन्हीकडे शोधायचा आणि फरक जुळवून घ्यायचा. मग आमच्या वेळापत्रकाशेजारी खऱ्या वेळा लिहीत जायचं: सीमांतपूजन, नवरी गौरीहराशी बसली ती वेळ, पहिली अक्षता, पहिलं ताट, पाठवणी.

यातून जे दिसतं ते तिथे उभं राहून दिसत नाही. नवरीला उशीर झाला की खापर मेकअपवर फुटतं. एका एप्रिलमधल्या लग्नाचे फोटो लावून बघितले, तर मेकअप ठरल्या वेळेतच आटोपला होता. पुढे मात्र नऊवारी नेसवणाऱ्या ताई आणि गजरे माळणारी मुलगी एकाच आरशासमोर एकमेकींची वाट बघत उभ्या. नवरी त्या दोघींच्या मध्ये हात वर करून. तेव्हापासून खोली ठरवताना आम्ही आधी आरसे मोजतो. गुरुजींशी सीझननंतर चहा घेते, तेव्हा त्यांची तक्रार ठरलेली असते, ‘फोटोवाल्यांना आवरा, लाजाहोम फोटोसाठी पुन्हा होत नसतो.’ त्यांचंही खरं आहे, फोटोंच्या वेळाच तसं सांगतात.

सगळ्यात जास्त कळतं ते जेवणाबद्दल. गंगापूर रोडच्या लॉन्सवर भर दुपारी अक्षता पडतात न पडतात तोच अर्धा मांडव ताटांकडे वळतो. रांग लांब दिसली की केटरर म्हणतो वाढपी वाढवा, म्हणजे बिलही वाढवा. रांग कुठे तुंबते ते फोटोंत बघा. सुरुवातीलाच कोशिंबीर, चटणी, लोणचं, लिंबू. माणूस तिथे थांबतो, विचार करतो, लिंबू निवडतो! पुढे मसालेभाताशी कोणी थांबत नाही. पुन्हा गर्दी पोळीपाशी, कारण गरम येईपर्यंत कोणी हलत नाही. आम्ही ताटाची ही डावी बाजू जेवायच्या टेबलांवर नेऊन ठेवली, गरम पोळीचा तवा रांगेबाहेर काढला. वाढपी तेवढेच, रांग निम्मी. वयस्कर मंडळींना मात्र बसवून वाढायचं, ताट हातात घेऊन उन्हात उभं करायचं नाही. याबाबत मी यजमानांशीही वाद घालते.

ताटांच्या आकड्यांचा वेगळा कागद असतो: पत्रिका किती, केटररला हमी किती ताटांची दिली, आणि उठली किती. दाट तिथीला हे गणित पार बदलतं. एकाच दिवशी तीन आमंत्रणं असली की माणूस दोन ठिकाणी तोंड दाखवून तिसरीकडे जेवतो. अशा दिवशी हमीचा आकडा मी कमी करायला लावते. यजमानांना धास्ती वाटते, ‘कमी पडलं तर?’ मग मागच्या दाट तिथ्यांचा कागद पुढे ठेवायचा.

लोकांना विचारायचं तर लगेच विचारून उपयोग नसतो. ‘कसं झालं’ विचारलं की ‘छानच झालं’ हेच उत्तर येणार, वर पेढेही येणार. मी महिन्याभराने मुलीच्या आईला फोन करते आणि एवढंच विचारते, ‘काकू, तुम्ही जेवलात किती वाजता?’

‘अगं, मी कुठली जेवतेय! विहीणबाईंची पंगत झाली, मग ह्यांना शोधलं, मग आहेराच्या साड्या. चार वाजले असतील. जिलबी संपली होती. जाऊ दे गं.’

कन्यादान होईस्तोवर पुष्कळ घरांत आईवडिलांचा उपास असतो. त्यात हे चार वाजले. आता दोघांची ताटं पंगत सुरू व्हायच्या आधीच झाकून बाजूला काढतो, आणि त्यांना धरून बसवायचं काम आमच्यातल्या एकीच्या नावावर लिहिलेलं असतं. आहेर तोवर थांबतो.

हळदीचं सोपं आहे. लाउडस्पीकर रात्री १० ला बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला दंडक. उशिरा सुरू झालेली हळद १० च्या पुढे सरकत नाही, नाच तेवढा कमी होतो. आता पत्रिकेतच लवकरची वेळ छापून घेतो.

पैशांचं वेळापत्रकही बघावं लागतं. निफाड-दिंडोरीकडच्या घरांत लग्नाचा पैसा द्राक्षांतून येतो, आणि व्यापाऱ्याचा चेक कधी वटेल ते शेतकऱ्यालाही ठाऊक नसतं. तिथे डिसेंबरात मोठा हप्ता मागण्यात शहाणपण नाही. शेवटचा हप्ता माल उतरल्यावर ठेवायचा, आणि मांडववाल्यालाही तसंच पटवायचं.

शेवटी पंचांग, तेही पुढच्या दोन वर्षांचं. २०२६ चं बघा, १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. जावई धोंडे खायला जाणार, नवा जावई कोणी करणार नाही, आणि ऐन मे अर्धा रिकामा. एप्रिलच्या तारखांवर मग झुंबड. त्यात सिंहस्थ. सिंहस्थात लग्न वर्ज्य मानणारी घरं आमच्याकडे आहेत, आणि न मानणाऱ्यांना वऱ्हाडासाठी पर्वण्यांच्या आसपास खोल्या मिळायची मारामार. अशांना मी सरळ सिन्नरकडचं कार्यालय सुचवते.

हे सगळं घटस्थापनेच्या आत कागदावर यावं लागतं. दसऱ्यापासून फोन सुरू होतात, आणि पहिला प्रश्न असतो, ‘तुमचं पॅकेज काय?’